टाकीमागची जागा

(परळमधल्या एका इस्पितळाची ओपीडी. मार्च २००६, सकाळची वेळ. बाकावर कमळाबाई आणि तिचा मुलगा जगदीश.)

जगदीश : आई, एक सांग. गुडघ्याच्या डॉक्टरला माझ्या घोरण्याचं काय पडलंय?

कमळाबाई : विचारलं असेल सहज.

जगदीश : सहज? सिस्टरने फॉर्म भरला तो माझ्या नावाचा. टेप घेऊन मान मोजली माझी! शर्ट शिवतायत काय? आणि तुझ्या गुडघ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नाय.

कमळाबाई : माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? ठणठणीत हायेत.

जगदीश : काल तर जिना उतरताना 'आई गं, आई गं' चाललेलं!

कमळाबाई : नाटक केलं. खरं सांगितलं असतं तर आला असतास? दिवाळीपासून कानीकपाळी ओरडतेय, दाखव, दाखव.

जगदीश : कमाल आहे तुझी. तिकडे दुसऱ्याच्या हातात बस देऊन आलोय मी. शाळेची बस आहे ती.

कमळाबाई : म्हणूनच आणलं. लालबागच्या सिग्नलला काय झालं ते कळलंय मला.

जगदीश : कोणी सांगितलं?

कमळाबाई : तुझ्या बसमधल्या बाईनं, लक्ष्मीनं. सिग्नल हिरवा, मागनं गाड्या बोंबलतायत, आणि तू स्टेअरिंगवर मान टाकून घोरतोयस. पाठीमागं चाळीस लेकरं.

जगदीश : डुलकी लागली जरा. गाडी उभी होती ना?

कमळाबाई : उद्या चालती असेल.

जगदीश : हळू बोल गं. मालकाच्या कानावर गेलं तर खेळ खलास. आणि घोरतो तर घोरतो. आप्पा नाय घोरायचे? अख्ख्या मजल्याला कळायचं, राजाराम झोपला म्हणून.

कमळाबाई : त्यांचं नाव नको काढू इथं.

जगदीश : का नको? माझा तर कोणाला त्रास पण नाय. पोरीची, सुजाताची, दहावी आहे म्हणून मी आपला निमूट गच्चीवर जातो.

कमळाबाई : गच्चीवर कुठं?

जगदीश : गच्चीवर म्हणजे गच्चीवर.

कमळाबाई : टाकीमागं. परवा चादरी वाळत घालायला गेले, तर तुझी वळकटी दिसली. त्याच जागेवर, जगदीश.

जगदीश : वारा येतो तिथं.

कमळाबाई : तेपण असंच म्हणायचे.

डॉक्टर : जगदीश राजाराम कोण? या, आत या. मावशी, तुम्हीही या. बसा दोघं. हं, काय होतंय?

जगदीश : काय नाय मॅडम. जरा घोरतो.

डॉक्टर : सकाळी उठल्यावर डोकं जड असतं?

जगदीश : छे.

कमळाबाई : रोज बाम चोळून घेतो मॅडम. घरात बामचा वास जात नाय.

डॉक्टर : दिवसा झोप येते? गाडी चालवताना?

जगदीश : कधी कधी. ऊन असलं की.

कमळाबाई : जेवताना येते. परवा घास हातात तसाच.

जगदीश : आई, माझी तपासणी आहे की तुझी?

डॉक्टर : बोलू द्या त्यांना. या आजारात बाजूला झोपणारा माणूस जे सांगतो, ते आजाऱ्याला सांगता येत नाही. मावशी, घोरता घोरता आवाज मधेच बंद पडतो का?

कमळाबाई : पडतो ना. एकदम गप्प. मी मनात आकडे मोजते. वीस, तीस. मग असा आवाज काढतो, जसं बुडणारं माणूस वर येतं.

जगदीश : तू रात्रभर हे करत बसतेस?

कमळाबाई : गच्चीवर जायला लागलास तेव्हापासनं तेपण करता येत नाय.

डॉक्टर : हे बघा जगदीश. झोपेत तुमचा गळा आतून सैल पडतो आणि हवेची वाट बंद होते. तुम्ही शांत झोपलेले नसता, श्वासच थांबलेला असतो. मग मेंदू घाबरून जागं करतो. एका रात्रीत शंभर वेळासुद्धा होतं असं. अशी मोडलेली झोप घेऊन तुम्ही मुलांची बस चालवताय. हृदयावर ताण येतो तो वेगळाच.

जगदीश : पण मॅडम, मी काय एवढा जाडा नाय.

डॉक्टर : बारीक माणसालाही होतं. तुमची हनुवटी आत आहे, मान आखूड आहे. घरात आणखी कुणाला होतं का असं?

कमळाबाई : ह्याच्या बापाला. हनुवटीपण त्यांचीच घेतलीय ह्यानं.

डॉक्टर : ते आता...?

कमळाबाई : गेले. गिरणीच्या संपात. त्र्याऐंशीच्या मार्चमधे. रिंग खात्यात होते, सूत कातायला. संपाला चौदा महिने झालेले. झोपेतच गेले. हार्ट फेल म्हणाले सगळे. संपात तेव्हा कितीजण असे गेले, कोण विचारतो?

डॉक्टर : त्यांचाही श्वास असाच थांबायचा?

कमळाबाई : अगदी हेच. पण मी थांबू द्यायचे नाय. मी वायंडिंगला होते मॅडम, बॉबिनवर सूत भरायचं काम. तिथं कसं असतं, मशीनचा आवाज जरा बदलला की आपला हात आपोआप तिकडं जातो. तसंच हे. ह्यांचं घोरणं थांबलं की माझी झोप उडायची. कोपर बसायचं बरगडीत. ते 'हूंऽऽ' करून कूस बदलायचे, परत गिरण सुरू. पंधरा वर्षं चाललं. सकाळी मला म्हणायचे, कमळे, नवऱ्याला मारतेस होय?

डॉक्टर : मावशी, तुम्ही मारत नव्हता. नकळत उपचारच करत होता. ढुसणी दिली की माणूस जागा होतो, श्वास सुरू होतो. तेव्हा या आजाराचं नावही इथे फारसं कुणाला माहीत नव्हतं. तुमच्या कोपरानं त्यांना पंधरा वर्षं सांभाळलं.

कमळाबाई : बाजूला माणूस असलं, तर त्याला बरं वाटत असेल? ज्याला हा आजार हाय त्याला? म्हणजे त्याला कळत नसेल का ते, पण बरं वाटत असेल?

डॉक्टर : हो. गुदमरणं लवकर मोडलं, की तेवढी झोप बरी लागणारच.

कमळाबाई : अरे देवा. मग ते खरं बोलत होते.

जगदीश : आई, राहू दे.

कमळाबाई : नाय, बोलू दे मला. मॅडम, आमच्या चाळीत खोल्या दोन्हीकडं आणि मधे लांब व्हरांडा. मार्च आला की व्हरांडा दहावीच्या पोरांचा. आमच्याकडं शिकणाऱ्या पोराला कोणी आडवं जात नाय. खोलीत दहा माणसं, म्हणून पोरं व्हरांड्यातल्या दिव्याखाली रांगेनं बसायची. बाकी पुरुष अंथरूण घेऊन गच्चीवर. आणि घोरणारा असला तर टाकीमागं, सगळ्यांपासनं लांब. त्या साली ह्याची दहावी होती. हे स्वतःच गेले, कोणी घालवलं नाय. आठ रात्री झोपले तिथं.

डॉक्टर : मग?

कमळाबाई : ह्याच्या गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्री खाली आले. उशी काखेत. दारात उभं राहून म्हणाले, कमळे, वर मधेच दचकून उठतो मी, गुदमरतंय. तुझ्या शेजारी झोपलो की बरं वाटतं. असं म्हणाले. सगळ्या पोरांसमोर! पोरं फिदीफिदी हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, ह्या वयात ह्यांना काय सुचतंय, घरात ना पैसा ना काम, आणि... म्हटलं, लाज नाय वाटत, पोरं बसलीत ना? उद्या पोराचं गणित हाय. जावा वर.

डॉक्टर : आणि ते गेले.

कमळाबाई : गेले. हसले जरा आणि गेले. पहाटे शेजारचे कोंडीरामभाऊ उठवायला गेले तर गार पडलेले. तेवीस वर्षं झाली मॅडम, कोणाला सांगितलं नाय मी हे. ह्याला पण नाय. हा तेव्हा अभ्यासात होता.

डॉक्टर : मावशी, ऐका माझं. एका रात्रीनं झालं असं कुणीच सांगू शकत नाही. ताण वर्षानुवर्षांचा असतो. तुम्ही शेजारी असतात तरी कदाचित...

कमळाबाई : कदाचित वाचले असते.

डॉक्टर : ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

जगदीश : आई. मला माहितीये ते.

कमळाबाई : काय माहितीये?

जगदीश : दारात काय झालं ते. चार हातांवर बसलेलो मी. सगळं ऐकलं. पोरं हसली ना, त्यात मी पण हसलो असतो, पण माझाच बाप. मला एवढी लाज वाटली की मी मान पुस्तकात घातली. आप्पा माझ्याजवळ थांबले. म्हणाले, झालं का रे गणित? मी वर बघितलंच नाय. नुसतं 'हूं' म्हटलं. ते गेले जिन्याने.

कमळाबाई : कधी बोलला नाहीस.

जगदीश : काय बोलणार? तुला वाटेल, ह्याने ऐकलं तर ह्याने थांबवलं का नाय. मला एक मिनिट लागलं असतं म्हणायला, आप्पा, झोपा इथंच, माझा अभ्यास झालाय. झालेला गं माझा अभ्यास. खरंच झालेला.

कमळाबाई : पोरा...

जगदीश : आणि सकाळी तू मला डबा दिलास. म्हणालीस, आप्पांना उठवू नको, रात्री झोप नाय झाली त्यांची. पेपर देऊन ये.

डॉक्टर : म्हणजे... तेव्हा ते...

कमळाबाई : गेलेले. पहाटेच. सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. पण ह्याचा पेपर होता ना मॅडम. ह्यांची एकच हौस होती, पोरानं मॅट्रिक व्हावं. मी सगळ्या बायांना हात जोडले, पेपर सुटेपर्यंत कोणी रडू नका. शेजारची राधाबाई तोंडात पदर कोंबून बसली. हा खाली उतरला, रस्ता ओलांडून गेला, ते मी खिडकीतनं बघितलं. तीन तास कोणी आवाज केला नाय. ते वर गच्चीत, आणि मी खाली भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी परत घासली.

जगदीश : परत आलो तर जिन्यापासून माणसंच माणसं. मला वाटलं मोर्चा आहे संपाचा.

डॉक्टर : पाणी घ्या मावशी.

जगदीश : गणितात पास झालो मॅडम. चांगले मार्क पडले. काय केलं त्या मार्कांचं? बसच चालवतो ना शेवटी. त्याच्यापेक्षा नापास झालो असतो...

कमळाबाई : गप. असं बोलायचं नाय. बाप रोज गेटवर संपाचा झेंडा घेऊन बसायचा, ते तू शिकावं म्हणून. तू सुजाताला शिकवतोयस. वाया कुठं गेलं?

जगदीश : मग मी टाकीमागं का जातो, विचार ना.

कमळाबाई : का जातोस?

जगदीश : काय माहीत. पोरीचा अभ्यास आहे हे खरं. पण दुसरीकडे पण जागा आहे गच्चीवर. तिथंच जाऊन पडतो. वाटतं, आपण वर बघितलं नाय ना तेव्हा, मग निदान... असंच काहीतरी. डोक्यात काय बसतं कळत नाय.

कमळाबाई : बापाच्या जागी पोरगं मला नकोय तिथं. ऐकलंस? एक माणूस दिलाय मी त्या टाकीला. पुरे झालं.

डॉक्टर : जगदीश, माझं ऐका. पुढच्या बुधवारी तुमचा नंबर लावते. एक रात्र इथे झोपायचं, अंगाला वायरी लावून सगळं नोंदवतील. मग नाकाला लावायचं एक मशीन देऊ, ते हवेनं गळा उघडा ठेवतं. इस्पितळाच्या ट्रस्टशी मी बोलते. माणसं पूर्ण बरी होऊन काम करतात, घाबरू नका.

जगदीश : आवाज करतं ते? एकच खोली आहे आमची. पोरगी अभ्यास करते.

डॉक्टर : तुमच्यापेक्षा कमी करतं.

कमळाबाई : मग तर पोरगी पहिली येईल.

डॉक्टर : पण तोवर दोन गोष्टी. गाडी चालवायची नाही, एक दिवसही नाही. आणि एकटं झोपायचं नाही.

जगदीश : मालकाला काय सांगू?

कमळाबाई : माझे गुडघे गेलेत म्हणून सांग. मी लंगडत येते हवं तर.

जगदीश : नको. खरं ते सांगतो. लेकरं असतात मागे.

कमळाबाई : आणि वळकटी आजच खाली आण. सुजाता व्हरांड्यात बसेल, तू खोलीत. माझ्या शेजारी. कोपर लागेल एवढ्या जवळ. मशीन येईल तेव्हा येईल, माझं कोपर अजून चालतं.

जगदीश : अगं, चाळिशीला आलो मी. एवढा घोडा आईच्या शेजारी झोपलेला बघून सुजाता आणि तिच्या मैत्रिणी हसतील ना.

कमळाबाई : हसू दे. ह्या वेळी मी नाय लाजणार.