मी किरिसावात गेलो

...आणि बसलो तर बसलो, त्यात एवढं काय? गुडघा दुखत होता माझा. किरिसावाचे रस्ते म्हणजे, तुम्हाला सांगतो, चढ संपला की दुसरा चढ, उतार कुठे ठेवलेत कुणास ठाऊक, आणि खाली सगळे गोटे, कारण डांबर घातलं तर म्हणे गावाचं जुनेपण जातं. तिथे सगळं जुनं. दुकानावर पाटी 'शेकडो वर्षांची परंपरा', आणि आतला पोरगा ओसाकाचा, परवापरवापर्यंत मोबाइल विकत होता. थंड पेयांच्या यंत्रालासुद्धा लाकडी फळ्या ठोकल्यात, वर छोटी कौलं. तक्रार नाही हां माझी, नुसतं सांगतोय.

तर मी कुवाबारा, नागोयाचा. नळांचं आणि मोरीच्या फरश्यांचं दुकान होतं माझं, आता पुतण्या बघतो. आणि सेत्सुको ही माझी बायको. लग्न झाल्यापासून हिचं एकच, डोंगरातल्या किरिसावाला जाऊ या. मी म्हणायचो, जाऊ. मग दुकान असायचं, मग आई आजारी पडली, मग आई आजारीच राहिली... शेवटी आई गेली, दुकान पुतण्याकडे गेलं, सबबी संपल्या आणि आम्ही निघालो.

उतरलो एका जुन्या सराईत. तिथली मालकीण इतकी वाकते, इतकी वाकते की आपल्याला वाटावं हिचं काहीतरी जमिनीवर पडलंय. आणि वाकून वाकून हुकूम सोडते. "क्षमा असावी, जेवण सहाला. क्षमा असावी, आंघोळ त्याच्या आधी. क्षमा असावी, घोरत असाल तर कोपऱ्यातली खोली." मी म्हटलं, मी घोरत नाही. ही म्हणाली, "कोपऱ्यातलीच द्या."

दुसऱ्या दिवशी सराईतलेच निळे युकाता, ते सुती झगे, घालून, पायात त्यांच्याच लाकडी खडावा अडकवून आम्ही फिरायला निघालो, दोन चढांत माझा गुडघा बोलायला लागला, समोर एक काळपट लाकडी घर, दाराशी बाक, बसलो. ही शेजारी बसली. एवढंच. बाकी काही केलं नाही मी, शपथेवर सांगतो.

तर समोरून कॅमेरेवाले. एकानं फोटो काढला, मग दुसऱ्यानं, मग एका बाईनं आम्हाला नमस्कारच केला. मग तोक्योच्या दोन मुली आल्या. "आजोबा, हे घर किती जुनं हो?" मी म्हणणार होतो, बाई गं, मला काय माहीत, मी आपला गुडघ्यासाठी... तेवढ्यात सेत्सुको म्हणते, "आमच्या सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलं."

आता माझे वडील नागोयात ट्राम चालवायचे. त्यांचे आजोबा आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिले, आणि तिथूनही त्यांना एकदा काढलं होतं. मी हिच्याकडे बघतोय, आणि ही बोलतेय. खांब कुठल्या जंगलातले, बर्फ छपरावरून कसं ओढायचं, सासूबाई लोणच्याच्या पिंपावर दगड कुठला ठेवायच्या. घरी हिचं बोलणं म्हणजे "जेवायला बसा" आणि "दिवा घालवा," मधे सगळं टीव्ही बोलायचा.

"आजोबा बोलत नाहीत?" मुलीनं विचारलं.

"नाही गं. एका हिवाळ्यात फार बर्फ पडलं ना, तेव्हापासून."

मी तोंड उघडलं. हिनं हळूच माझ्या पायाच्या बोटांवर आपली खडाव ठेवली. मी तोंड मिटलं. लोकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, एकानं गोड वाटाण्यांची पुडी हातात दिली. तक्रार नाही, वाटाणे चांगले होते.

आणि मागचं दार सरकलं.

आतून एक बुटकी म्हातारी आली, अंगावर स्वयंपाकाचा एप्रन. ओतानीआजी, घराची खरी मालकीण. दार कागदाचं, म्हणजे आत सगळं ऐकू गेलेलं. मी ताडकन उठलो, कपाळ गुडघ्याला लावलं. म्हातारी म्हणाली, "बसा बसा. छान बसता तुम्ही." आणि हिच्याकडे वळून, "बाई, तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगता. मला तर हे कुणी बांधलं तेही आठवत नाही."

मग म्हातारीनं गाऱ्हाणं काढलं. दार उघडलं की कॅमेरा. चादर वाळत घातली की कॅमेरा. पर्यटन मंडळाचे हिगुची म्हणून एक साहेब आहेत, ते येऊन सांगतात, प्लास्टिकची बादली आत ठेवा, लाकडी बाहेर ठेवा. नातीचं बाळंतपण आलंय, सेन्दाईला जायचंय, पण घर बंद करते म्हटलं की हिगुचींच्या डोळ्यांत पाणी, म्हणे गल्ली मेल्यासारखी दिसेल. सेत्सुको ऐकत होती. मी वाटाणे खात होतो. तिथेच मला कळायला हवं होतं.

पुढले दोन दिवस ही सकाळी उठून त्या घरी. मी डोंगर बघितला. एकट्यानं डोंगर किती वेळ बघणार? तो काही करत नाही. तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

निघायच्या दिवशी बसथांब्यावर आलो तर हिच्या हातात बॅगच नाही.

"अहो, तुम्ही पुढे व्हा. आजी सेन्दाईहून येईपर्यंत मी थांबते."

"अगं, आणि मी?"

"तांदूळ डब्यात आहेत."

"तुझं इथे कोण आहे?"

ती म्हणाली, "इथे लोक मला विचारतात हो. घरी मला कधी कुणी काही विचारलं नाही." रागानं नाही म्हणाली. आज ढग आहेत, असं म्हणावं तसं म्हणाली. बस आली. मी चढलो. खिडकीतून काहीतरी बोलायचं होतं, पण काय ते आठवेपर्यंत वळण आलं.

नागोयात मी भात करायला शिकलो. म्हणजे, पेज करायला शिकलो. फोन केला की ही म्हणायची, "ठेवते, माणसं आलीत." बाळंतपण झालं, बारसंही झालं असेल, ओतानीआजी काही सेन्दाईहून हलेना. शेवटी पानं लाल झाली तसं मी ठरवलं, जायचं. पण लाल पानं बघायच्या गर्दीत किरिसावात खोली मिळते होय? म्हणून एका सहलीच्या बसमध्ये शिरलो, छातीला बिल्ला, पुढे झेंडा घेतलेली मार्गदर्शक मुलगी, आणि आम्ही मेंढरासारखे मागे.

झेंडा त्याच दाराशी थांबला. आतून सेत्सुको आली. रंग उजळलेला, पाठ ताठ. मला पाहिलं, पापणीसुद्धा हलवली नाही. घराचं सगळं सांगितलं, आता त्यात एक सामुराईपण आला होता. मग एका बाईनं विचारलं, "आणि तुमचे यजमान?"

"गेले," ही म्हणाली. "गेल्याच हिवाळ्यात."

सगळे हळहळले. ही म्हणाली, "कुरकुर फार करायचे. पण माणूस चांगला होता. माझी सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा दुकानातून येऊन रोज रात्री तेच तिचे पाय चेपायचे. मी पाहायचे दारातून. कधी बोलले नाही."

तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि ऐकायला मी हयात नव्हतो. झेंडेवालीनं मान खाली घातली, सगळ्यांनी हात जोडले, शेजारची बाई डोळे पुसायला लागली. मीही हात जोडले. एकटाच ताठ उभा राहिलो असतो तर बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी बस सुटायच्या आधी मागच्या दारानं आत गेलो. हिनं चहा दिला. म्हणाली, "बारीक झालात." मी म्हटलं, "गेलोय ना, होणारच." ती हसली. मग मी विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा हिला काहीतरी विचारलं, "अगं, पण मी गेलो कशानं?"

"न्यूमोनियानं," ती म्हणाली. "आधी जिन्यावरून घसरले असं सांगायचे मी, पण लोक हसायचे हो."