नोएमीचा चहा

(कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधलं एक फ्रेंचभाषक घर. दुपार. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बर्फ.)

ओडील : दोनदा हाक मारली मी. वळली, हसली, आणि परत लाकडांच्या ढिगाकडे तोंड करून उभी राहिली.

मिरेय : कोट?

ओडील : तो बघ, फेकलाय बर्फात. इकडे ये, खिडकीशी. तुझ्या लेकीच्या डोक्यातून वाफ निघतेय.

मिरेय : घाम आलाय तिला, ममाँ. थंडीत घामाची वाफ दिसतेच.

ओडील : असल्या थंडीत, नुसत्या फ्रॉकवर, घाम? आणि सकाळी डोळे पाहिलेस तिचे? निळं नावालाही नव्हतं, नुसतं काळं. आजी आहे मी तिची, नऊ वर्षं न्हाऊमाखू घातलंय. ती आपली नोएमी नाहीये.

मिरेय : असलं बोलू नकोस.

ओडील : मग काय बोलू? घर रिकामं पडलं की कुणीतरी येऊन राहतंच. त्या गोळ्यांनी पोर आतून रिकामी केली. रोगापेक्षा इलाज भयंकर.

मिरेय : त्याच गोळ्यांनी ती शाळेत जायला लागली होती. विसरलीस? भीतीनं पलंगाखालून बाहेर येत नव्हती. हे पाय उडणं, जागं राहणं, एकटीच पुटपुटणं आत्ता सुरू झालंय. म्हणून तर सोमवारी डॉक्टरांनी गोळी वाढवली.

ओडील : आणि मग जास्तच झालं. म्हणून मीही वाढवला.

मिरेय : काय वाढवलंस?

ओडील : काही नाही.

मिरेय : ममाँ.

ओडील : चहा. डोळे वटारू नकोस, चहाच आहे. सेंट जॉनच्या पिवळ्या फुलांचा. जूनमधल्या त्याच्या सणाला मी स्वतः खुडलेली फुलं. माझी आजी ती दारावर टांगायची, वाईट काही आत येऊ नये म्हणून. आणि मन काळवंडलेल्या माणसाला पाजायची.

मिरेय : कधीपासून?

ओडील : नाताळापासून. तुझा त्या डॉक्टरवर भारी विश्वास. सांगितलं असतं तर मोरीत ओतला असतास.

मिरेय : पाच पाकळ्यांचं फूल?

ओडील : तुला गं काय ठाऊक? तुला तर सगळं गवतच दिसतं.

मिरेय : बाटलीवर चित्र आहे.

ओडील : कुठल्या बाटलीवर?

मिरेय : कॅप्सूल आणल्यात मी. दुकानातली बाई म्हणाली, मुलं शांत होतात. रोज सकाळी देते, गोळीबरोबरच. तू हसशील म्हणून बोलले नाही.

ओडील : देवा. आणि डॉक्टरांना?

मिरेय : त्यांनी विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का. मी नाही म्हटलं. औषध वाटलंच नाही गं मला ते. झाडपाला तो.

ओडील : मलाही नाही वाटलं.

मिरेय : फोन दे तो. आणि तिला आत आण, उचलून आण. हॅलो? माझी मुलगी, नऊ वर्षांची. भीतीसाठी गोळी चालू आहे, आणि वर सेंट जॉन्स वर्ट. दोघींनी दिलं, एकमेकींच्या नकळत. हो, थरथरतेय. हो, डोळे काळे, बाहुल्या पसरल्यात. नाही, आता काहीच देत नाही. लवकर या.

ओडील : अंग भाजतंय हिचं, मिरेय.

मिरेय : गाडी निघालीय. गोळी आणि ते फूल एकत्र आलं की विष होतं म्हणाले. उतरतं, पण वेळेत पोचलं तर.

ओडील : म्हणजे हिच्यात कुणी शिरलेलं नाही?

मिरेय : आपणच शिरलो होतो, ममाँ.

नोएमी : माझा पाय थांबत नाहीये.

मिरेय : थांबेल हं, राणी. ये माझ्याजवळ. तू दोघींकडून घेत होतीस, बोलली कशी नाहीस गं?

नोएमी : तू म्हणालीस मेमेरला सांगू नको. मेमेर म्हणाली तुला सांगू नको.

ओडील : चुकलं गं तुझ्या मेमेरचं, बाळा.

नोएमी : मी कुणालाच नाही सांगितलं. ती लाकडांपाशी उभी असते ना, ती रोज विचारते. तिलासुद्धा नाही.