बहात्तर तासांच्या आत

नाव : जोसेफ कल्यांगो. वय ३४ वर्षे. धंदा मासेमारी. रा. लुवांबा धक्का, व्हिक्टोरिया सरोवर, युगांडा. दि. १० एप्रिल २०२३.

मी पोलीस ठाण्यात समक्ष सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी नाकिमेरासह राहतो. तिला सातवा महिना चालू आहे.

शुक्रवारी सकाळी आठला आमची होडी धक्क्याला लागली. जोडीदार मुत्याबा याच्यासोबत मी गुत्त्यावर बसलो. आम्ही वारागी प्यायलो. किती, ते सांगता येत नाही. दुपारी एकच्या सुमारास जाग आली तेव्हा मी गुत्त्यामागच्या खोलीत होतो. शेजारी एक बाई होती. तिचे नाव माहीत नाही. खिशात दोन निरोध होते, दोन्ही न फोडलेले.

मुत्याबा म्हणाला, "दोस्ता, खिशाला घालायचे असतात का रे ते?" सगळे हसले. मीही हसलो.

आरोग्य केंद्राच्या नालुबोवा सिस्टर जानेवारीत धक्क्यावर येऊन गेल्या होत्या. निरोध त्यांनीच दिले होते. चूक झालीच तर बहात्तर तासांच्या आत या, एड्सची लागण टाळायच्या गोळ्या देते, असे त्या म्हणाल्या होत्या. ईस्टरमुळे केंद्र सोमवारपर्यंत बंद होते. शनिवारी जाऊन आलो. रविवारी जाऊन आलो. दोन्ही दिवस प्यायलो नाही. पत्नीला अंग दुखते म्हणून सांगितले व वेगळा झोपलो.

आज सोमवारी सकाळी दहाला मी होडीच्या नांगराच्या लोखंडाने केंद्राचे कुलूप तोडले. कपाटात पुष्कळ डबे होते. मला वाचता येत नाही. कोणता डबा घ्यावा ते कळेना, म्हणून खाली बसून राहिलो. राखणदार कयोंडोबाबांनी मला तिथेच धरले. मी प्रतिकार केला नाही. त्यांनी फोन करून सिस्टरना बोलावले.

सिस्टर अकराला आल्या. मी म्हणालो, "बाई, आधी गोळी द्या, मग बांधा. दुपारी मुदत संपते."

त्या म्हणाल्या, "आधी रक्त बघावं लागतं, जोसेफ."

बोटाला सुई टोचली. थोड्या वेळाने त्यांनी पट्टी पाहिली, मग दुसरी लावली. म्हणाल्या, "ही लागण शुक्रवारची नाही रे. इतक्या लवकर दिसत नाही. जुनी आहे. तुला आता दुसरी औषधं, रोज घ्यायची."

याआधी असे कधी घडले होते, असे साहेबांनी विचारले. आठवत नाही. होडी रोज येते.

पत्नीची तपासणी आजच करायला हवी, बाळाला वाचवता येते, असे सिस्टर म्हणाल्या. पत्नी बाहेर ओट्यावर माझ्यासाठी पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, घेऊन बसली आहे. कुलूप तोडल्याचे मी तिला सांगितले. तिने "का?" विचारले. तिला सिस्टरनी सांगावे का, असे साहेब म्हणाले. मी नको म्हणालो. जबाब झाल्यावर तिला आत बोलवावे. मी सांगेन.

हा जबाब मला लुगांडा भाषेतून वाचून ऐकवला. मी बोललो तेवढेच यात आहे. डाव्या हाताचा अंगठा.