आईच्या नावाचा अर्ज

जिबेक : अर्ज घेतलाच नाही, आई. खिडकीतून तसाच परत ढकलला.

आनारकान : कारण काय दिलं?

जिबेक : न्यायालयानं आपलाच निकाल फिरवलाय. उन्हाळ्यात म्हणाले, अठरा पूर्ण झालेल्या कुणालाही बापाऐवजी आईचं नाव लावता येईल. आता म्हणतात, नाही येणार. आपल्या चालीरीतींत बसत नाही म्हणे.

आनारकान : असं फिरवता येतं?

जिबेक : त्यांना येतं.

आनारकान : बस आधी. बोरसोक आत्ताच तळलेत, चहाबरोबर दोन खा.

जिबेक : नको. खिडकीतली बाई तशी वाईट नव्हती. म्हणाली, ज्यांनी उन्हाळ्यात अर्ज दिले त्यांचंही काय होईल ठाऊक नाही, पण त्यांच्याकडे निदान पोच आहे. भांडायला हातात कागद तरी आहे. तुम्ही इतके दिवस कुठे होतात?

आनारकान : मग?

जिबेक : मग काय सांगणार? आई थांब म्हणाली, म्हणून थांबले.

आनारकान : तुझ्या सातिबाल्दी काकाला बरं वाटलं असेल.

जिबेक : येताना बाजारात भेटला ना. म्हणे, सुटलो बाबा एकदाचे. उद्या सोयरिकीला कुणी सात पूर्वज विचारले तर पोरगी काय आईपासून मोजणार होती? मी तिथंच सातही नावं घडाघडा म्हणून दाखवली. आणि विचारलं, ही शिकवली कुणी मला? तुमच्या भावानं?

आनारकान : भर बाजारात? मोठ्या माणसाला?

जिबेक : मोठा माणूस खाली मान घालून कांदे निवडायला लागला. सुनेनं सासरच्या थोरांची नावं तोंडानं घ्यायची नाहीत, म्हणून तू ती वहीत लिहून पाठ करून घेतलीस. हे तरी त्याला माहीत होतं का?

आनारकान : त्याच्यावर राग काढू नकोस.

जिबेक : मग कुणावर काढू? तूच म्हणालीस, आजोबांचं वर्षाचं जेवण होऊ दे, त्याआधी त्यांच्या मुलाचं नाव काढून टाकलं तर बरं दिसत नाही. मला पटलं. आजोबांनी जीव लावला होता. घोडा कापला, सगळं गाव जेवलं, तीन दिवस मी भांडी घासली. आणि पुढच्याच आठवड्यात हे.

आनारकान : जिबेक, ते आजोबांसाठी नव्हतं.

जिबेक : काय?

आनारकान : मी तुला थांब म्हटलं ते. आजोबा असते तर म्हणाले असते, लाव पोरी, तिनंच वाढवलंय तुला.

जिबेक : मग कुणासाठी?

आनारकान : बापाच्या वर्षाच्या जेवणाला मुलगा येत नाही, असं आपल्यात होत नाही. मॉस्कोत असला तरी येतो. मला वाटलं, कुबात येईल.

जिबेक : अठरा वर्षांत एक फोन नाही त्याचा.

आनारकान : माहीत आहे. मातीलाही आला नाही. तेव्हा म्हटलं, विमानाचं तिकीट मिळालं नसेल. वर्षाचं तर आधीच कळवलं होतं.

जिबेक : म्हणून त्या दिवशी नवा रुमाल बांधलास डोक्याला. मला वाटलं, पाहुण्यांसाठी.

आनारकान : सारखी फाटकाकडे बघत होते. लाज वाटते आता सांगायला.

जिबेक : पण माझ्या नावाचा त्यात काय संबंध?

आनारकान : तो आला असता आणि कुणी कानात सांगितलं असतं, पोरीनं तुझं नाव काढून टाकलं, तर फाटकातूनच परत गेला असता. त्याला घरात आणायला तुझ्या नावाशिवाय माझ्याकडे दुसरं होतं काय?



जिबेक : आला असता तर काय म्हणणार होतीस?

आनारकान : काही नाही. तुला पुढे केलं असतं. म्हटलं असतं, ही जिबेक. कुबातची मुलगी.

जिबेक : ते आता मलाच सांगत राहावं लागणार, आई. जन्मभर.