घोंगडीखाली लपलेलं पोर

हसाल तुमी, पण मला शाळेत न्यायला गुरुजी आले, तवा बापानं मला मेंढरांत घोंगडीखाली लपवलं. "पोरगं न्हाई घरात," म्हणाला. मागनं आईला म्हणाला, "शाळेच्या नादानं मेंढरं सोडली, तर पुढं खाईल काय?"

परवा सांगलीहून ल्योक पोरीला घेऊन आला. मोबाइलवरचा क्लास चुकवायला नात कोकरू घेऊन माझ्या घोंगडीखाली शिरली.

"आबा, पोरगी कुठं हाय? मेंढरांच्या नादानं क्लास बुडवला, तर पुढं खाईल काय?"

ल्योकाचा आवाज हुबेहूब माझ्या बापाचा! 'न्हाई' ओठावर आलं हुतं. पण मी अजून अंगठाच लावतो. घोंगडी उचलली.

नात रुसली. "आबा, तुमी फितूर झाला!"

"व्हय बाई. गुरुजींना तवा असा फितूर गावला न्हाई."