काय जेवलीस? भात

दादा : डॉक्टर म्हणाल्या, शेवटचं कधी जेवलीस ते तुला सांगता येईना.

छोटी : त्यांनी जेवण विचारलं. मी खाते. जेवत नाही.

दादा : काय खातेस?

छोटी : बिस्किटं. कॉफी. कधी सफरचंद.

दादा : कॉफी खातात होय?

छोटी : दादा, कामावरून सरळ आलास? हाताला ग्रीस आहे तुझ्या.

दादा : लिफ्ट उघडी टाकून आलो. साहेबांना म्हटलं, बहीण कॉलेजात चक्कर येऊन पडलीय, दुसरा मेकॅनिक पाठवा. विषय बदलू नकोस.

छोटी : बदलत नाही. चादरीला लागेल म्हणून म्हटलं. कॉलेजच्या दवाखान्याची आहे.

दादा : पडलीस कशी?

छोटी : उभीच होते. प्रॅक्टिकल चालू होतं. नळीवरचे आकडे वाचत होते, ते एकदम लांब गेले. मग फरशी. काच फुटल्याचा आवाज आला. माझा नाही आला.

दादा : लागलं?

छोटी : कोपराला. दुखत नाही.

दादा : टाके पडलेत तिथे.

छोटी : हो. तरी दुखत नाही.

दादा : डॉक्टर आणखी काय म्हणाल्या, सांगू?

छोटी : मला सांगितलंय त्यांनी.

दादा : तरी ऐक. नाडी मंद चालतेय. अंगात रक्त नाही. वजन शाळेतल्या पोरीएवढं. असंच चाललं तर मोठ्या हॉस्पिटलात घालतील आणि नाकातून नळी. आज रात्र इथे ठेवून घेतायत. उद्या सोडतील, पण घरचं कुणी सोबत राहणार असेल तरच. नाहीतर हे वर्ष सोडायचं आणि घरी चलायचं.

छोटी : घरी नको.

दादा : का नको?

छोटी : नको.

दादा : इथे मेसमध्ये काय वाईट देतात? मी आत्ताच डोकावून आलो. भात होता, अंडी होती, काकडी कापून ठेवलेली.

छोटी : वाईट काहीच देत नाहीत.

दादा : मग बाकीच्या पोरी काय करतात?

छोटी : माझ्या खोलीतली नूडल्सवर जगते. पाणी उकळायलासुद्धा थांबत नाही, कोरड्याच कुडुमकुडुम खाते. समोरच्या खोलीतली फक्त रविवारी जेवते, बाकी दिवस कोल्ड्रिंक. वर्गात एक पैलवान आहे, तो उकडलेलं चिकन प्रयोगशाळेच्या तराजूवर मोजताना सापडला. सरांनी विचारलं, हा कुठला क्षार म्हणायचा?

दादा : मग?

छोटी : मग काही नाही. सगळे हसले. इथे धड कुणीच जेवत नाही दादा. पडले काय ती मी.

दादा : आणि ते चित्र? खाली जिन्यापाशी लावलंय. हे मोठं ताट, त्यात हिरवं, लाल, पिवळं. ‘सकस खा, सुखात राहा.’ खाली तुझं नाव.

छोटी : स्पर्धा होती. पहिलं बक्षीस मिळालं.

दादा : काय मिळालं?

छोटी : पाण्याची बाटली.

दादा : लोकां सांगे ब्रह्मज्ञान...

छोटी : ...आपण कोरडे पाषाण. मॅडमपण आज तेच म्हणाल्या, मला स्ट्रेचरवर घालताना. रंग मात्र जमलेत ना?

दादा : गाजर बरं काढलंयस.

छोटी : गाजर सोपं असतं.

दादा : हे सूप आणलंय. पी.

छोटी : ठेव तिथे.

दादा : पोटात कावळे ओरडत नाहीत तुझ्या?

छोटी : उडून गेले असतील. नखरे नाहीत हे, दादा. मला बारीक व्हायचं नाहीये. आरशात बघायचासुद्धा कंटाळा येतो. भूक लागतच नाही. परीक्षेच्या दिवसांत वेळ वाचावा म्हणून एका वेळचं सोडलं. मग लक्षात आलं, काहीच होत नाही. मग दुसऱ्या वेळचंही सोडलं. एक काम कमी झालं, एवढंच वाटलं.

दादा : आणि फोनवर आम्हाला सांगायचीस, जेवले म्हणून.

छोटी : तुम्ही रोज तेच विचारता. मग मी तरी दुसरं काय सांगणार?

दादा : हे कधीपासून?

छोटी : बाबा गेल्यापासून. परीक्षा नुसतं निमित्त.

दादा : बाबांचं मनाला लावून घेतलंस?

छोटी : नाही. तसं असतं तर बरं दिसलं असतं.

दादा : कसला आवाज तो?

छोटी : भिंतीपलीकडे मेस आहे. ताटं आपटतात धुताना. दचकलास तू.

दादा : नाही.

छोटी : दादा, तू दाराशी जाऊन उभा राहिलायस.

दादा : सवय आहे.

छोटी : मलाही. तिथे एवढ्या मुली जेवत असतात. एखादीचं ताट आपटतं आणि माझा हात थांबतो. मी बघत बसते, आता कोण उठणार, कोण ओरडणार. कुणीच उठत नाही. त्यांच्या गप्पा चालू असतात, नखं, परीक्षा, कुणाचं कुणाशी काय. तोवर माझं ताट गार झालेलं असतं.

दादा : बाबा आता नाहीत, छोटे.

छोटी : माहीत आहे. मी होते ना तिथे. त्या दिवशी मनात आलं, चला, आता पोटभर जेवता येईल. असं मनात आलं त्याची लाजही वाटली नाही. काहीच वाटलं नाही. पण जेवायला बसले आणि घास उतरेचना. ते असताना भीतीनं का होईना, गिळत तरी होते.

दादा : मला रडू आलं नाही त्या दिवशी. लोक म्हणाले, मोठा मुलगा घट्ट मनाचा आहे.

छोटी : आहेस?

दादा : कुठला. मी दाराबाहेर चपला जोडीनं लावत होतो. कुणाच्या कोण जाणे. कुणी काही विचारू नये म्हणून.

छोटी : पहिला घास घ्यायचे आणि चमचा खाली ठेवायचे. आठवतं? बोलायचे काही नाही.

दादा : मग आई म्हणायची, काय झालं?

छोटी : आणि मग व्हायचं.

दादा : पुढचं नको.

छोटी : तू तेवढ्यात जेवून उठलेला असायचास. मी तुझ्याकडे बघून शिकायला बघायचे, एवढं भरभर कसं खातो हा. जमलं नाही.

दादा : अजून तसंच खातो मी. कामावर लिफ्टच्या वरच्या खोलीत, उभ्यानं. सोबतचा म्हणतो, कुठे आग लागलीय का? घरीसुद्धा ताट घेऊन गॅलरीत जातो.

छोटी : आई काही म्हणत नाही?

दादा : आईला फुरसत कुठे. ती जेवत असते.

छोटी : म्हणजे?

दादा : गरम जेवते आता. आधी स्वतःला वाढून घेते. परवा मी घरी आलो तर हात धूत होती. म्हणाली, भूक लागली होती, थांबले नाही तुझ्यासाठी. असं म्हणाली, जसं काही जन्मभर तसंच करत आलीय. बाबांच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवते. गाल वर आलेत तिचे. कपडे उसवून सैल करून घेतलेत.

छोटी : म्हणूनच तिला सांगायचं नाही.

दादा : काय?

छोटी : हे सगळं. ती आत्ता कुठे जेवायला लागलीय. मी घरी गेले आणि तिच्यासमोर ताट घेऊन नुसती बसले, तर तिला घास गोड लागेल? बाबांच्या चमच्याकडे बघायची तशी माझ्या ताटाकडे बघत बसेल. परत तेच घर. फक्त बाबांच्या जागी मी.

दादा : मग मी करू काय? मुलींच्या वसतिगृहात मला कोण राहू देणार?

छोटी : डॉक्टरांना सांग, मावशी येणार आहे म्हणून. आणि जा तू.

दादा : आणि तू?

छोटी : खाईन मी.

दादा : काय खाशील?

छोटी : भात.

दादा : माझ्याकडे बघून सांग.

छोटी : फोन वाजतोय तुझा.

दादा : आई आहे.

छोटी : सांगू नकोस. दादा, ऐक ना.

दादा : हॅलो. बोल आई.

आई : अरे, आहेस कुठे? तुझ्या कामावरून कुणाचा तरी फोन होता, हत्यारांची पेटी तिथेच टाकून गेलास म्हणे. बरा आहेस ना?

दादा : छोटीकडे आलोय.

आई : आज? मध्येच?

दादा : ती प्रॅक्टिकल करताना चक्कर येऊन पडली. जेवत नाहीये ती, आई. बरेच दिवस.

आई : थांब.

दादा : आई? आई, आहेस ना?

आई : गॅस बंद केला. आता बोल.

दादा : डॉक्टर म्हणतात, घरचं कुणीतरी सोबत पाहिजे. हिचं म्हणणं, तुला कळता कामा नये.

आई : ऐकतेय का ती?

दादा : हो. समोरच आहे. स्पीकर लावलाय.

आई : मला संशय होताच गं. काय जेवलीस विचारलं की भात. रोज भात. लग्न झाल्यावर मीपण माझ्या आईला असंच सांगायचे. तिनंही कधी पुढे विचारलं नाही, आणि मीही तुला विचारलं नाही.

छोटी : आई, तू तुझं जेवण सोडू नकोस. माझ्यापायी...

आई : नाही सोडणार. ते आता कुणापायी सोडायचं नाही असं ठरवलंय मी. तुझ्यापायीसुद्धा नाही बाई.

छोटी : खरंच?

आई : खरंच. राग आला?

छोटी : नाही.

आई : तुमच्या तिथे पाहुण्यांना ताट मिळतं का?

छोटी : मिळतं. आधी सांगावं लागतं.

आई : मग सांगून ठेव. मी उद्या पहिल्या बसनं येते. काय रे, बस कुठून सुटते?

दादा : मी येतो तुला न्यायला. तू एकटी कधी गेली नाहीस.

आई : म्हणूनच विचारतेय, कुठून सुटते. तू तिच्यापाशी थांब.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. वसतिगृहातली पाहुण्यांची खोली. एकच पलंग आहे.)

आई : अंडं छान उकडलंय. पाव जरा वातड आहे, पण दुधात बुडवला की चालतो.

दादा : बस नीट सापडली ना?

आई : विचारत विचारत गेले. देवानं तोंड कशाला दिलंय. खिडकीशी बसले होते. शेजारी कुणी बाई होती, ती सबंध रस्ता माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

दादा : हलवायचं नाही का तिला?

आई : कशाला? दमली असेल. तू का उभा आहेस?

दादा : असाच. पाठ अवघडलीय, रात्रभर दवाखान्याच्या बाकावर होतो.

आई : मग बस. ती खुर्ची ओढ. इथून कुणी उठवत नाही तुला.

दादा : बसलो.

आई : आणि हे घे. हळूहळू खा. कुठली लिफ्ट अडकलेली नाही.

छोटी : आई, मला खा म्हणून नाही सांगणार?

आई : डॉक्टरांनी सांगितलंय ना. त्या शिकलेल्या आहेत. मी वर आणखी काय सांगू?

छोटी : आणि नाही खाल्लं तर?

आई : तर मला काळजी लागेल. झोप येणार नाही. परत डॉक्टरांकडे नेईन, त्या म्हणतील त्या हॉस्पिटलात नेईन. पण माझं ताट मी संपवीन. ते मात्र तुला बघावं लागेल.

छोटी : बरं.

आई : डॉक्टर म्हणतील तोवर राहते मी. वसतिगृहाच्या बाईंना विचारून आलेय. सकाळ-संध्याकाळ दोघी इथेच बसू, पलंगावर मांडी घालून.

छोटी : मला अजून भूक लागलेली नाही, आई.

आई : नसू दे. मला कुठे लगेच लागली होती? तुझे बाबा गेल्यावर कितीतरी दिवस मी ताटावरच्या वाफेकडे बघत बसायचे. कुणी ओरडत नव्हतं, घाई नव्हती, आणि हात काही उचलत नव्हता. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

छोटी : मग?

आई : मग एकदा वाटलं, वाफ जातेय, गार होईल. म्हणून खाल्लं.

दादा : एवढंच?

आई : एवढंच. मोठं काही झालं नाही. मागाहून रडायला येईल असं वाटलं, तेही आलं नाही. भांडी घासून टाकली. हे दुसरं अंडं कुणाला हवंय का? नाहीतर मी घेते.

दादा : घे तू.

छोटी : आई.

आई : हं?

छोटी : थोडी सरक.