माझ्या वाढदिवसाची पंगत

चहा घ्या, पण आधी हे ऐका. आष्ट्याजवळच्या एका वृद्धाश्रमाला मी पाच वर्षं माझ्या वाढदिवसाचं जेवण देतोय. जायला वेळ कुठला? बातम्या कुणी लिहायच्या? पहिल्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर नाव, तारीख आणि फोटो पाठवला, तेवढाच संबंध. यंदा सांगलीची पत्रकार परिषद ऐनवेळी रद्द झाली, म्हणून न कळवता पहिल्यांदाच गेलो.

पंगत बसायच्या बेतात होती. समोर खुर्चीवर माझा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढे उदबत्ती. आणि सगळे हात जोडून गप्प उभे!

मी ओरडलोच, "अहो, हा मी आहे! जिवंत आहे मी!"

व्यवस्थापकाच्या हातातली आमटीची पळी खाली पडली. "साहेब, नुसतं नाव, तारीख आणि फोटो आला की इथं पुण्यतिथीच असते. वाढदिवसवाले केक घेऊन स्वतः येतात."

माझं डोकं फिरलं. "तीस वर्षं पत्रकारिता केलीय मी! माणूस गेल्याची बातमी आम्ही खात्री केल्याशिवाय छापत नाही. तुम्हाला पाच वर्षांत एक फोन करता आला नाही?"

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक आजी काठी टेकत जवळ आल्या. मला खालून वर न्याहाळत म्हणाल्या, "जित्ता हाईस व्हय रं?"

"हो, आजी."

"मग लय वाईट झालं. गेलेला माणूस येनार कसा, म्हणून आमी पाच वर्सं तुला काय बोललो न्हाई."